पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही तेव्हा : जुन्या आउटबोर्ड मोटरची तपासणी

मराठवाड्यातली आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला टांगलेले इंजिन, चालून झिजण्याआधीच उभी राहून बिघडते. कोकण किनाऱ्यावरच्या होडीचे इंजिन मासेमारी-बंदीचे दिवस सोडले तर जवळजवळ रोज सुरू होते. आपल्याकडे नाथसागर, येलदरी किंवा माजलगाव धरणावरची बोट पाणी असेल तेव्हा चालते, आणि तहसीलच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेली बचावाची बोट तर पूर आला तरच बाहेर निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत पाणी शिरले तेव्हा अशा बोटी एका रात्रीत लागल्या. पण महिनोन्महिने उभे राहिलेले इंजिन निकडीच्या वेळी पहिल्या दोरीला सुरू होईल, ही अपेक्षाच चुकीची असते. बचाव पथकांत ज्याला ‘ओबीएम’ म्हणतात त्या यंत्राची जेवढी दुखणी मी पाहिली, त्यांतली निम्म्याहून अधिक टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागापर्यंतच्या, दीड-दोन मीटर वाटेवर होती.

हा लेख दोरी ओढून सुरू होणाऱ्या, कार्ब्युरेटर असलेल्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनांपुरता आहे. आपल्या भागात साधारण ८ ते ४० अश्वशक्तीची जी जुनी इंजिने दिसतात, ती बहुतेक याच जातीची असतात. ती अनेकदा किनाऱ्यावरून वापरून आलेली असतात, त्यामुळे जोडण्यांवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आढळला तर नवल वाटू देऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता बोटीच्या तळाशी साचते आणि वारा नसेल तर बराच वेळ तिथेच राहते. म्हणून टाकी बोटीत ठेवून भरू नये. ती काठावर, जमिनीवर उतरवून भरावी आणि पुसून मगच बोटीत ठेवावी. आसपास विडी-काडी नको, हे सांगायची गरज भासू नये, पण धरणाच्या काठावर ती भासते. इंजिनाला हात लावण्यापूर्वी किल स्विचची, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढून खिशात ठेवावी, आणि बॅटरी असल्यास तिची एक तार सोडावी.

दुसरी गोष्ट अशी की हे इंजिन कोरडे चालवता येत नाही. त्याला थंड ठेवणारे पाणी खालच्या पायातला एक रबरी पंखा ओढत असतो आणि पाण्याविना तो पाहता पाहता जळतो. जमिनीवर चाचणी घ्यायची असेल तर टंचाईच्या दिवसांत घरोघरी दिसणारे दोनशे लिटरचे पिंप चांगले उपयोगी पडते. इंजिन भक्कम घोडीवर टांगून त्याचा पाय पिंपात सोडावा, पाण्याची पातळी पायावरच्या जाळीच्या बरीच वर ठेवावी, मागचा पंखा काढून घ्यावा आणि गिअर न्यूट्रलमध्येच राहू द्यावा. मोठे इंजिन असेल तर हा खटाटोप न करता बोट कमरेइतक्या पाण्यात बांधून तपासणी करणे बरे.

पेट्रोलची वाट

टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. टाकीच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते आणि तिच्या टोकाला जाळी. तिथून रबरी पाइप निघतो, त्याच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी बल्ब असतो, आणि पाइपाच्या टोकाला खटक्याने बसणारी जोडणी. इंजिनाच्या टोपाखाली आधी छोटा फिल्टर, मग फ्युएल पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर. बिघाड शोधताना याच क्रमाने जावे. आपल्याकडचा सवयीचा क्रम नेमका उलटा आहे : इंजिन बंद पडले की पाना हातात घेऊन आधी कार्ब्युरेटर खोलला जातो. त्याची पॅकिंग फाटते, एक बारीक स्क्रू पाण्यात जातो, आणि मूळ दोष टाकीच्या झाकणावर तसाच बसून असतो. ज्या तपासणीला हत्यार लागत नाही ती आधी, ज्या तपासणीला सुटे भाग लागतील ती शेवटी, एवढे ठरवले तरी नवशिक्याचे बरेच नुकसान टळते.

तत्पूर्वी दोष पेट्रोलचाच आहे याची खात्री करावी. पाच-सहा वेळा दोरी ओढून स्पार्क प्लग काढावा. त्याचे टोक ठणठणीत कोरडे असेल तर पेट्रोल आत येत नाही. ते ओले असेल आणि तरीही इंजिन घेत नसेल, तर दोष ठिणगीचा असू शकतो किंवा आत पेट्रोल प्रमाणाबाहेर गेलेले असू शकते. हे केल्यावर पुसलेला प्लग परत बसवावा आणि बल्बकडे वळावे.

बल्ब दाबून काय कळते

या सगळ्या वाटेवर बल्बइतके बोलके दुसरे काही नाही. त्याच्या अंगावर बाण कोरलेला असतो, तो इंजिनाच्या दिशेने असलाच पाहिजे. पाइप बदलताना बल्ब उलटा बसवल्याची उदाहरणे हसण्यावारी नेण्याइतकी कमी नाहीत. बल्ब दाबताना तो आडवा न धरता बाणाचे टोक आकाशाकडे करून उभा धरावा, कारण त्यातल्या दोन एकमार्गी झडपा उभ्या स्थितीत नीट बसतात. निरोगी बल्ब आठ-दहा दाबांत कच्च्या लिंबासारखा टणक होतो.

तो टणक होतच नसेल तर पाइपाची इंजिनाकडची जोडणी काढावी. या जोडणीत स्प्रिंगवर बसलेली एक गोळी असते आणि जोडणी सुटताच ती वाट बंद करते. आता पुन्हा बल्ब दाबावा. या वेळी तो टणक झाला तर टाकी, पाइप आणि बल्ब ठीक आहेत, दोष इंजिनाच्या टोपाखाली आहे. अजूनही मऊच राहिला तर इंजिनाकडे पाहण्याचे कारण नाही, दोष अलीकडे आहे. दोन मिनिटांच्या या एका परीक्षेने अर्धे काम कमी होते आणि तिला कसलेही हत्यार लागत नाही. मात्र ती घेताना गोळीच्या बाजूने पेट्रोल गळते का, हेही पाहावे, कारण जुन्या जोडणीत ही गोळी नीट बसत नाही.

इंजिन चालू असताना तोच बल्ब आणखी दोन गोष्टी सांगतो. वेग वाढवताच इंजिन खाली बसू लागले आणि बल्ब हाताने दाबत राहिल्यावर ते सावरले, तर इंजिन पेट्रोलसाठी उपाशी आहे असे समजावे : फ्युएल पंप अशक्त झाला आहे, किंवा वाटेत कुठेतरी हवा ओढली जात आहे, किंवा कुठे अडथळा आहे. या तिघांपैकी अडथळा वेगळा ओळखू येतो, कारण अडथळा बल्बच्या मागे, म्हणजे टाकीकडे, असेल तर बल्ब चपटा होऊन आत ओढला जातो. चालत्या इंजिनाचा बल्ब किंचित मऊ होणे स्वाभाविक आहे, पण पिळून काढलेल्या आंब्याच्या सालीसारखा तो दिसू लागला तर टाकीकडून पेट्रोल सुटत नाही हे नक्की.

एकाच स्क्रूचे दोन दोष

बल्ब चपटा झालेला दिसला की पहिला हात टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूवर जावा. तो बंद असेल तर टाकीतले पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी आत पोकळी निर्माण होते आणि पंपाची ओढ तिच्यापुढे थिटी पडते. इंजिन काही मिनिटे उत्तम चालते, मग गुदमरून बंद पडते, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. हे लक्षण इतके फसवे आहे की येलदरीच्या पाण्यावर मी स्वतः एकदा फिल्टर आणि प्लग दोन्ही बदलले, आणि टाकीचे झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा ‘सुऽऽ’ असा आवाज झाला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. अशी शंका आली तर झाकण सैल करून हा आवाज ऐकावा.

उन्हाळ्यात हाच स्क्रू उलट्या दिशेने त्रास देतो, आणि हा दोष किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा मराठवाड्याच्या माणसाने अधिक समजून घ्यायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे असताना टाकी स्क्रू बंद करून उन्हात ठेवली तर आतल्या वाफेचा दाब वाढतो, टाकीच्या बाजू फुगतात, आणि पाइप जोडताच हा दाब पेट्रोलला थेट कार्ब्युरेटरमध्ये ढकलतो. इतका दाब रोखण्यासाठी फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी झडप, बनवलेली नसते. ती हार मानते, पेट्रोल सांडते आणि इंजिन ओले होऊन सुरू होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी स्क्रू हळूच उघडून दाब सोडावा, मगच पाइप जोडावा. टाकी गोणपाटाखाली सावलीत ठेवावी, पण गोणपाटाने स्क्रू झाकला जाऊ नये. काळा पाइप तापलेल्या पत्र्यावर पडू देऊ नये, कारण तापलेल्या पाइपात पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ ओढावी लागते.

पाइप : बाहेरून धडधाकट, आतून फाटका

स्क्रू उघडा असूनही बल्ब चपटाच होत असेल तर टाकीतल्या नळीची जाळी काढून पाहावी. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंजाचा लाल चिखल तिच्यावर बसलेला असतो. जाळी स्वच्छ असेल तर संशय पाइपावर घ्यावा, आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. काही पाइपांना आतून वेगळे अस्तर असते. पेट्रोलमधल्या इथेनॉलने ते सैल होते आणि पंपाने ओढ घेतली की ते मधोमध दुमडून वाट बंद करते. ओढ थांबली की पुन्हा जागेवर जाते. नाथसागरावरच्या एका होडीचा असा पाइप मी लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरून पाहिला होता. बाहेरचे काळे रबर नव्यासारखे होते, आणि आत सापाची कात टाकलेली असावी तसे अस्तर सुटून लोंबत होते. असा पाइप दुरुस्त होत नाही. तो फुंकून पाहिला तर हवा खुशाल जाते, कारण फुंकण्याची दिशा अस्तराला चिकटवते आणि ओढण्याची दिशा त्याला सोडवते. खात्री हवी असेल तर दुसऱ्या चालू बोटीची टाकी आणि पाइप मागून आणून जोडून पाहावा. इंजिन नीट चालले तर वाद संपला.

हवा ओढली जात असेल तर पेट्रोल गळताना दिसेल अशी अपेक्षा करू नये. चालत्या इंजिनात टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाइप ओढीखाली असतो, त्यामुळे बारीक भेगेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ती दिसण्यासाठी बल्ब आणि इंजिन यांच्या दरम्यान वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडावी. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप एवढ्या कामापुरता चालतो. आत बुडबुड्यांची माळ सतत धावताना दिसली तर हवा मागून येत आहे. मग टाकीपासून एकेक जोडणी हाताने किंचित हलवत यावे. जिथे बुडबुडे वाढतात किंवा थांबतात ती जागा दोषी. बहुतेक वेळा तिथे चपटी किंवा चिरलेली ओ-रिंग, म्हणजे जोडणीतली रबरी कडी, सापडते. तिची किंमत अगदी किरकोळ असते, म्हणून दोन-चार नगांचा साठा जवळ ठेवावा आणि बसवताना तिला ऑइलचे बोट लावावे. चाचणी झाली की तो लेव्हल पाइप मात्र काढलाच पाहिजे. पेट्रोलने तो काही दिवसांत काचेसारखा कडक होऊन तडकतो, आणि तोच कायम ठेवून दिलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत.

नवीन पाइप घेताना इथेनॉलला टिकणारा, पेट्रोलसाठीच बनवलेला आणि जुन्याच्याच आतल्या व्यासाचा घ्यावा. पाइप आवळायला बाइंडिंग तार वापरू नये, ती रबर कापते. स्टीलची क्लिप वापरावी आणि पाइप चेपेल इतकी आवळू नये. बोटीत बसल्यावर जाळ्यांचा ढीग किंवा टाकीचा कोपरा पाइपावर येत नाही, हे प्रत्येक फेरीआधी पाहावे.

टोपाखाली

बल्बने दोष इंजिनाकडे दाखवला असेल तर आधी फिल्टरची छोटी वाटी हाताने उघडावी. तळाशी पाणी, गंज किंवा जेलीसारखा गाळ असेल तर तो धुऊन काढावा. हे काम पाच मिनिटांचे आहे.

फ्युएल पंप इंजिनाच्या क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारावर चालतो. पिस्टन वर-खाली होताना पंपातला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, हलतो आणि दोन पातळ पाकळ्यांच्या झडपा पेट्रोल एकाच दिशेने पुढे ढकलतात. उभ्या राहिलेल्या इंजिनात हा पडदा वाळून पापडासारखा कडक होतो. तपासण्यासाठी पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून बाटलीत सोडावी, किल स्विचची दोरी काढलेलीच ठेवावी आणि सुरू करायची दोरी सात-आठ वेळा ओढावी. दर ओढीला पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे. नुसते पाझरत असेल तर पंप खोलावा. खोलण्यापूर्वी त्याच्या थरांवर खिळ्याने एक तिरपी रेघ मारून ठेवावी, म्हणजे जुळवताना थर उलटसुलट बसत नाहीत. पडद्याला छिद्र असेल तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरते आणि इंजिन धूर ओकत अडखळते. नवीन पडदा, पाकळ्या आणि पॅकिंग असा संच एकत्र बदलावा. एकच भाग बदलून वाचवलेले पैसे पुढच्या पुरात महाग पडतात.

आता कार्ब्युरेटर. त्याच्या तळाच्या वाटीला निचऱ्याचा स्क्रू असतो. तो उघडून बाहेर आलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत धरावे आणि बाटली उन्हाकडे धरून पाहावे. पाणी असेल तर ते तळाशी मोत्यांसारखे गोळा होते आणि बाटली फिरवली की एकसंध घरंगळते. इंजिन वेगात बरे पण मंद गतीत बंद पडत असेल तर बारीक पायलट जेट, म्हणजे मंद गतीसाठी पेट्रोल सोडणारे पितळी छिद्र, चोंदलेला असतो. चोक ओढूनच चालत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. जेट क्लीनरच्या फवाऱ्याने आणि हवेने साफ करावेत, तार घालून नव्हे, कारण पितळेचे छिद्र तारेने वाढते आणि मग इंजिन कधीच पूर्वीसारखे चालत नाही. कार्ब्युरेटरवरचा हवेचा स्क्रू (टाकीच्या झाकणावरचा नव्हे) काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजून कागदावर लिहावे आणि बसवताना तेवढेच फेरे बाहेर ठेवावेत. बल्ब दाबताच कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सांडत असेल तर फ्लोटची सुई पाहावी. तिच्या टोकाला नखाने जाणवेल असा खळगा पडला असेल तर ती बदलावी.

पेट्रोल आणि साठवण

आपल्या शिवारातला ऊस कारखान्यातून इथेनॉल होऊन पंपावर परत येतो, यात काही गैर नाही, पण जुन्या इंजिनाच्या रबराला त्याची किंमत मोजावी लागते. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता सर्वसाधारण पंपावर तेच मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी एका मर्यादेपुढे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके जिथून नळी पेट्रोल उचलते तिथेच. असे पेट्रोल हलवून पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे टाकी दोन महिन्यांहून अधिक काळ भरून ठेवू नये, आणि जुन्या इंजिनाचे सर्व पाइप, ओ-रिंगा आणि पडदे इथेनॉलला टिकणारे करून घ्यावेत.

ऑइलचे प्रमाण इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असते तेच धरावे. ते ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर. ऑइल बोटीच्या इंजिनासाठीचे, टीसी-डब्ल्यू थ्री दर्जाचे घ्यावे. मोटारसायकलचे टू-टी ऑइल राख सोडते आणि पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनाच्या प्लगवर ती साचते.

हंगाम संपल्यावर इंजिन पिंपात चालू ठेवून पाइप काढून घ्यावा आणि वाटीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यावे. मग निचऱ्याचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढावेत. टाकीतले ताजे मिश्रण वाया घालवायचे कारण नाही : दोन-स्ट्रोक फवारणी पंप त्यावर चालतो. मात्र त्याला २५:१ लागत असेल तर लिटरमागे आणखी २० मिलिलिटर ऑइल घालावे. टाकी कोरडी करून, स्क्रू बंद करून सावलीत ठेवावी. बल्ब आणि पाइप गुंडाळताना त्याला घडी पडू देऊ नये. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आसपास, ताज्या पेट्रोलवर इंजिन एकदा पिंपात दहा मिनिटे चालवावे. बोटीत एक वल्हे, नांगराची दोरी, दोन ओ-रिंगा, एक प्लग, प्लगपाना आणि हातभर पेट्रोल पाइप क्लिपांसह एका डब्यात कायम ठेवावा. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीच्या जागी २७ किलोमीटर आहे. मधोमध इंजिन थांबले आणि वारा उलटा असला तर त्या डब्याखेरीज हाताशी दुसरे काही नसते.